पूर ओसरल्यानंतरचे महिने: नदीचं पाणी आणि किनाऱ्याजवळचे प्रवाळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: नदीला महापूर आला आणि तिचं गढूळ पाणी समुद्रात शिरून किनाऱ्याजवळच्या प्रवाळभित्तीवर पसरलं, तर प्रवाळ मरतात ते गोड्या पाण्याने की गाळाने? आणि पाणी निवळलं की भित्ती पूर्ववत होते का?

दोन्हींनी मरतात, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या खोलीवर. उथळ पाण्यातले प्रवाळ पहिल्या एक-दोन आठवड्यांत गोड्या पाण्याने मरतात. त्याखालचे पुढचे कित्येक महिने गाळ, अंधार आणि पाण्यात उतरलेली खतं यांनी खंगत जातात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भित्ती सावरणार की नाही, हे पूर किती मोठा होता यावर फारसं ठरत नाही. पुराने जमिनीवरून काय वाहून आणलं आणि पुढची काही वर्षं तिथलं पाणी किती स्वच्छ राहिलं, यावर ते ठरतं. प्रवाळांनी पूर हजारो वर्षं पाहिलेले आहेत. एवढी माती आणि एवढं नत्र मात्र त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

आधी गोड्या पाण्याबद्दल, कारण त्याचा घाव सर्वांत लवकर दिसतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाजवळ कल्ले आणि मूत्रपिंड असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी बदललं तरी तो शरीरातलं क्षारांचं प्रमाण बऱ्यापैकी सांभाळतो. प्रवाळाकडे अशी कोणतीही यंत्रणा नाही. बाहेर जसं पाणी, तसंच आत. भोवतालचं पाणी मचूळ झालं की ते पेशींमध्ये शिरू लागतं आणि पेशी फुगतात. प्रवाळाच्या ऊतींत राहून त्याला अन्न पुरवणारं सहजीवी शैवाल बाहेर फेकलं जातं. परिस्थिती आणखी बिघडली तर ऊती सांगाड्यावरून सुटून लोंबू लागतात आणि खालचा पांढरा चुनखडीचा सांगाडा उघडा पडतो. पहिले काही तास प्रवाळ तग धरतो: जीव आत ओढून घेतो, अंगावर बुळबुळीत चिकट द्रव सोडतो. सरीवर सर येऊन गेली तर एवढं पुरतं. पूर मात्र काही तासांचा नसतो.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या दक्षिण भागातल्या अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळांसाठी शास्त्रज्ञांनी ही मर्यादा काढली आहे. लिटरमागे साधारण २२ ग्रॅम क्षार उरले तर ते जेमतेम ३ दिवस टिकतात; २८ ग्रॅम असतील तर १६ दिवस. या दोन आकड्यांमधला संबंध नीट पाहण्यासारखा आहे. २८ म्हणजे फार मोठी घट नव्हे, चव घेऊनही फरक चटकन कळणार नाही. पण तेवढी घट दोन आठवडे टिकली तर तीही तितकीच घातक ठरते. म्हणून पुरानंतर ‘सर्वांत कमी क्षारता किती नोंदली गेली’ एवढंच विचारून भागत नाही. ती किती दिवस तशी राहिली, हेही विचारावं लागतं.

गोडं पाणी हलकं असतं. ते समुद्राच्या पाण्यात लगेच मिसळत नाही, त्यावर थर धरून तरंगतं. हा थर कधी हातभर जाडीचा असतो, कधी कित्येक मीटरचा. वारा पडलेला असेल तर थर पातळ पण अगदी मचूळ राहतो आणि भित्तीचा माथा तेवढा मरतो. वारा जोराचा असेल तर पाणी घुसळलं जातं. माथ्यावरची तीव्रता कमी होते, पण थोडं मचूळ झालेलं पाणी खोलवर पोचतं. उधाणाच्या ओहोटीला पूर आला तर आणखी वाईट, कारण तेव्हा हा थर थेट भित्तीच्या माथ्यावर येऊन बसतो. त्यामुळे एकाच बेटाच्या एका बाजूचे प्रवाळ पूर्ण मेलेले आणि दुसऱ्या बाजूचे जवळपास धडधाकट, असं चित्र दिसलं तर नवल वाटून घेऊ नये. लोंढा कुठे जाणार हे वारा, किनाऱ्याची ठेवण आणि पृथ्वीचं फिरणं ठरवतं. समुद्रात शिरलेलं नदीचं पाणी पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळून किनाऱ्याला धरून वाहू पाहतं. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पुराचं पाणी बहुधा उत्तरेकडे सरकतं आणि बाहेरच्या भित्ती वाचतात. वारा पडला किंवा फिरला की ते बाहेरही पसरतं. २०१९च्या सुरुवातीला टाउन्सव्हिल परिसरात झालेल्या अतिवृष्टीनंतर गढूळ पाणी किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूरच्या भित्तींपर्यंत गेलं होतं.

गोड्या पाण्याने प्रवाळ मरण्याचं सर्वांत चांगलं नोंदलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्याच फिट्झरॉय नदीच्या मुखासमोरच्या केपेल बेटांचं. १९९०च्या डिसेंबरात आलेल्या जॉय चक्रीवादळानंतर १९९१च्या जानेवारीत ही नदी फुगली आणि बेटांभोवतालच्या उथळ भागातले सुमारे ८५ टक्के प्रवाळ मेले. पुढे ते सावरले. २०१०-११च्या पावसाळी हंगामात पुन्हा महापूर आला. या वेळी किनाऱ्यापासून १२ किलोमीटरच्या आतल्या भित्तींवर ४० ते १०० टक्के प्रवाळ गेले आणि सर्वाधिक फटका बसलेल्या जागी मृत्यूची रेषा सुमारे ८ मीटर खोलीपर्यंत उतरली. आठ मीटर म्हणजे नुसता माथा नव्हे, त्या भित्तींचा जवळजवळ सगळा जिवंत भाग.

‘मृत्यूची रेषा’ असं मी म्हणतो, कारण ती खरोखर रेषेसारखी दिसते. हे प्रवाळ पुराने मेले की तापलेल्या पाण्याने, अशी शंका असेल तर आधी ही रेषा शोधावी. उष्णतेने रंग उडतो तेव्हा जाती-जातींत फरक दिसतो, पांढरेपणा खोलीनुसार हळूहळू कमी होत जातो आणि एकाच वसाहतीवर, म्हणजे अनेक प्रवाळजीव मिळून वाढलेल्या एका प्रवाळावर, ठिगळं-ठिगळं दिसतात. गोड्या पाण्याने एका ठरावीक पातळीच्या वरचं सगळं जातं: प्रवाळ, स्पंज, समुद्री साळिंदर, शंख-शिंपले. त्या पातळीखाली हातभर अंतरावर जिवंत फांद्या असतात. एखादी उंच वसाहत त्या रेषेत आली तर तिचा वरचा अर्धा भाग मेलेला आणि खालचा अर्धा जिवंत दिसतो. फक्त हे पाहायला लवकर जावं लागतं. काही आठवड्यांत मेलेल्या सांगाड्यांवर शेवाळ चढतं आणि पुरावा झाकला जातो.

आता गाळ. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. वरून घेतलेल्या छायाचित्रात तांबूस-तपकिरी लोंढा दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं की ही सगळी माती भित्तीवर जाऊन बसली. तसं होत नाही. वाळू आणि जाड गाळ मुखाजवळच, पहिल्या काही किलोमीटरांत खाली बसतो. दूर जाते ती सर्वांत बारीक माती, चिकणमातीचे कण. हे कण खाऱ्या पाण्याला भेटले की एकमेकांना चिकटून पुंजके होतात. नदीने आणलेल्या पोषकद्रव्यांवर वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतं, ते चिकट पदार्थ सोडतं आणि त्यात मातीचे कण अडकतात. पाण्यातून सावकाश खाली येणारा हा मऊ, चिकट, अर्धा माती आणि अर्धा सेंद्रिय कचरा असा पदार्थच खरा घातक. कोरडी खनिज माती प्रवाळ झटकून टाकू शकतो. त्याच्या अंगावर सूक्ष्म केस असतात, चिकट द्रव असतो. काही जाती स्वतःला फुगवून माती ढकलून देतात. चिकट पुंजके असे निघत नाहीत.

त्यांच्याखाली काय होतं, हे जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं आणि २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रवाळावर साचलेल्या गाळात सेंद्रिय भाग जास्त असेल तर जिवाणू तो कुजवू लागतात. गाळाच्या थराखालचा प्राणवायू संपतो, तिथलं पाणी आम्लधर्मी होतं आणि ऊती मरू लागतात. मरणाऱ्या ऊती कुजू लागल्या की त्यांतून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू शेजारच्या ऊतींना मारतो. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या गाळाखाली हे सगळं एका दिवसाच्या आत सुरू होतं. तेवढाच गाळ, पण सेंद्रिय भाग कमी असलेला, प्रवाळाने कित्येक दिवस सहन केला. किती गाळ आला एवढं मोजून समाधान मानणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास बसत नाही, तो यामुळे. गाळ कसला आहे, हे त्यात असायलाच हवं.

याचा सर्वांत मोठा फटका पिल्लांना बसतो. नुकताच खडकाला चिकटलेला प्रवाळजीव एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा असतो. त्याच्यावर चिकट गाळाचा पातळ थर बसला तरी तो दोन दिवसांत मरू शकतो. ग्रेट बॅरिअर रीफवर बहुतेक प्रवाळ वसंतात, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पौर्णिमांनंतरच्या रात्रींना एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू सोडतात. पूर येतात ते बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे पुराच्या वेळी त्या वर्षीची सगळी पिढी काही आठवड्यांची असते. मोठ्या वसाहती वाचल्या, भित्ती ठीक दिसते आहे, असं म्हणून लोक परततात, पण त्या वर्षीची पिल्लं एकही उरलेली नसतात. ही हानी पाच-सहा वर्षांनी, मधल्या आकाराच्या वसाहती दिसेनाशा झाल्यावर लक्षात येते. पूर लवकर आला आणि अंडी सोडण्याच्या रात्रीच पाणी मचूळ असलं तर फलनच कमी होतं.

गाळाचं दुसरं काम म्हणजे अंधार करणं. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग सहजीवी शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणातून येतो. पाणी गढूळ झालं की आधी खोलवरच्या प्रवाळांची उपासमार सुरू होते आणि भित्तीची राहण्याजोगी पट्टी वर सरकते. वरचा माथा गोड्या पाण्याने मेलेला, खालचा उतार अंधाराने खंगलेला. मधे जिवंत पट्टा किती उरतो, ते त्या पुराचं खरं मोजमाप. हा अंधार नदी उतरली की संपत नाही, कारण बारीक गाळ तळाशी जाऊन बसला तरी तो घट्ट होत नाही. वारा सुटला, लाटा आल्या की पुन्हा उठतो. भरतीच्या प्रवाहानेही उठतो. मोठ्या पुरानंतर किनाऱ्याजवळचं पाणी पूर्वीइतकं नितळ व्हायला कित्येक महिने लागतात, आणि तेवढ्यात पुढचा पावसाळी हंगाम येतो.

पोषकद्रव्यांचं प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचं आहे. प्रवाळभित्ती फुलतात त्या मुळात नत्र आणि स्फुरद अगदी कमी असलेल्या पाण्यात. पुराबरोबर शेतातलं खत, जनावरांच्या चरण्याने उघड्या पडलेल्या मातीतलं स्फुरद आणि सांडपाणी येतं. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या कानेओहे उपसागरात १९८७च्या ३१ डिसेंबरच्या रात्री आलेल्या पुरानंतर दोन आठवड्यांच्या आत पाण्यातलं हरितद्रव्य (प्लवक किती आहे ते यावरून कळतं) घनमीटरमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत चढलं होतं. नितळ प्रवाळी पाण्यात ते बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली असतं. त्या हिरव्या लाटेला खाद्य नुसत्या नदीने पुरवलं नव्हतं. पुराने मारलेले जीव कुजून त्यांतूनही ते आलं होतं. प्लवकाने सगळी पोषकद्रव्यं संपवली, मग प्लवकच कोसळलं, आणि दोन-तीन महिन्यांत पाणी नेहमीच्या पातळीजवळ आलं. तिथे ते इतक्या लवकर निवळलं, कारण पाठीमागून रोज नवं खत येत नव्हतं. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

प्लवकाचा एक लांबचा परिणाम म्हणजे काट्यांचा मुकुट घातल्यासारखा दिसणारा, जिवंत प्रवाळ खाणारा अ‍ॅकँथॅस्टर हा तारामासा. त्याची एक मादी हंगामात कोट्यवधी अंडी घालते. एरवी त्यातून निघालेल्या अळ्या उपाशी मरतात, कारण नितळ पाण्यात त्यांना पुरेसं प्लवक नसतं. १९८२ मध्ये चार्ल्स बर्कलँड यांनी प्रशांत महासागरातल्या बेटांच्या नोंदी तपासून दाखवलं की या ताऱ्यांची धाड डोंगराळ बेटांवर, दुष्काळानंतरच्या मुसळधार पावसाच्या सुमारे तीन वर्षांनी येते. नद्या नसलेल्या सखल प्रवाळबेटांवर ती तशी येत नाही. तीन वर्षं हा अळीचा मोठा तारामासा व्हायला लागणारा काळ. पुढे प्रयोगशाळेत दिसलं की हरितद्रव्य दुप्पट झालं की अळी पूर्ण वाढीला पोचण्याची शक्यता, एका मर्यादेपर्यंत, सुमारे आठपट होते. सगळे शास्त्रज्ञ याच कारणाला पहिलं स्थान देत नाहीत. ताऱ्यांना खाणारे मासे आणि मोठे शंख माणसाने पकडून संपवले, हेही कारण मांडलं जातं. मला दोन्ही एकत्र खरी वाटतात: अन्न वाढलं आणि शत्रू घटले. ग्रेट बॅरिअर रीफवर १९८५ ते २०१२ या काळात जिवंत प्रवाळांचं आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आलं. त्या घटीतला ४२ टक्के वाटा या ताऱ्यांचा होता. यातला थोडा भाग जरी नद्यांनी आणलेल्या नत्राकडे जात असेल, तरी पुराने थेट मारलेल्या प्रवाळांपेक्षा पुराने तीन वर्षांनी मारलेले प्रवाळ जास्त भरू शकतील.

शेवाळाचं सोपं आहे: जागा रिकामी झाली, खत आलं, ते वाढलं. तपकिरी शेवाळाने एकदा खडक झाकला की नव्या प्रवाळांना चिकटायला जागा राहत नाही. नत्र वाढून स्फुरद मात्र कमी पडलं तर प्रवाळाची उष्णता सोसायची ताकद घटते, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवलं. पूर आणि उन्हाळा एकाच हंगामात येणाऱ्या किनाऱ्यांसाठी ही वाईट बातमी आहे. रोगही बळावतात. टाउन्सव्हिलजवळच्या मॅग्नेटिक बेटावर पावसाळी महिन्यांत माँटिपोरा प्रवाळावर ऊती काळ्या पाडणारा रोग जवळपास दसपट वाढलेला आढळला. तणनाशकांपैकी डाययुरॉनसारखी रसायनं थेट शैवालाचं प्रकाशसंश्लेषण अडवतात. पुराच्या पाण्यात ती विरळ होतात, पण अंधार आणि मचूळपणा सोसणाऱ्या प्रवाळाला तेवढा भारही जड जातो.

कुणी म्हणेल, पूर तर निसर्गातच आहेत, त्यात एवढं काय? याचं उत्तर प्रवाळांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत भावणारी गोष्ट हीच. पोरायटीस जातीच्या मोठ्या गोलाकार वसाहती शेकडो वर्षं जगतात आणि वर्षाला साधारण एक-दीड सेंटिमीटर वाढतात. त्यांच्या सांगाड्यात छिद्र पाडून उभा गाभा काढला आणि त्यावर अतिनील प्रकाश टाकला की काही वर्षांच्या थरांत चमकदार पट्टे दिसतात. हे पट्टे नदीच्या मोठ्या पुरांशी जुळतात, हे पीटर इस्डेल यांनी १९८४ मध्ये दाखवलं. त्या पट्ट्यांवरून नद्यांचा माणसाच्या नोंदींपेक्षा कितीतरी जुना इतिहास वाचता आला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या मध्य किनाऱ्यावर मोठे पूर अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभर वर्षं साधारण वीस वर्षांतून एकदा येत. १९४८ नंतर ते सहा वर्षांतून एकदा येऊ लागले.

याहून बोलकी नोंद बेरियमची. मातीचे कण खाऱ्या पाण्यात आले की त्यांना चिकटलेलं बेरियम सुटतं आणि प्रवाळ ते आपल्या सांगाड्यात घेतो. क्वीन्सलँडमधल्याच बर्डेकिन नदीच्या प्रभावाखालच्या हॅवना रीफवरून काढलेल्या गाभ्यात १७५० ते १९९८ पर्यंतची नोंद मिळाली आणि २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १८७०च्या आधीही तिथे पूर होते. चमकदार पट्टे तसं सांगतात. पण त्या पुरांसोबत बेरियम फारसं वाढत नव्हतं. १८७०च्या सुमाराला पाणलोट क्षेत्रात युरोपीय वसाहतकारांची गुरं-मेंढरं मोठ्या प्रमाणावर चरू लागली आणि त्यानंतर प्रत्येक पुरासोबत बेरियमचा उंच कळस दिसू लागतो. समुद्रात येणारा गाळ पाच ते दहापट झाला होता. नदी तीच, पण गवत गेलं आणि माती सुटली. ‘पूर नैसर्गिक आहे’ या युक्तिवादावर याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

आता सावरण्याबद्दल. इथे मी पुन्हा कानेओहेकडे वळतो, कारण एकाच उपसागरात दोन पुरांची तुलना करण्याची संधी क्वचित मिळते. तिथे १९६५ मध्ये पूर आला तेव्हा उपसागरात शहराचं सांडपाणी सोडलं जात होतं. पुराने प्रवाळ मारले आणि ते वर्षानुवर्षं परतलेच नाहीत; रिकाम्या खडकांवर शेवाळाने ताबा घेतला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी उपसागराबाहेर वळवलं गेलं, तेव्हा कुठे प्रवाळ वाढू लागले. १९८७च्या पुराने पश्चिम आणि दक्षिण भागात एक-दोन मीटर खोलीपर्यंतचे जवळपास सगळे प्रवाळ पुन्हा मारले. पृष्ठभागाची क्षारता लिटरमागे १५ ग्रॅमपर्यंत घसरली होती. या वेळी मात्र भित्ती लवकर सावरू लागली. तिथल्या पोरायटीस कॉम्प्रेसा या प्रवाळाचा सांगाडा सच्छिद्र असतो आणि त्याच्या आत खोलवर थोड्या ऊती उरतात. बाहेरून पूर्ण मेलेल्या फांद्यांमधून काही काळाने जिवंत ऊती बाहेर आल्या आणि जुन्याच सांगाड्यावर नवी वसाहत उभी राहिली. पाणी स्वच्छ असलं की प्रवाळ एवढं करू शकतो. म्हणून पुरानंतर पहिल्याच पाहणीत ‘शंभर टक्के मृत’ असं लिहिण्याची घाई करू नये, असं मी सहकाऱ्यांना नेहमी सांगतो.

केपेल बेटांवरचे अ‍ॅक्रोपोराही १९९१ नंतर परतले. २०११ नंतरची वाटचाल अवघड झाली, कारण खडकांवर तपकिरी शेवाळ पसरलं आणि पुढच्या वर्षांत वादळं, पूर थांबले नाहीत. दोन पुरांमधला अवधी सावरण्याला लागणाऱ्या काळापेक्षा कमी झाला की भित्ती हळूहळू गाळ सोसणाऱ्या मोजक्या जातींची होते: पोरायटीस, टर्बिनेरिया, गोनिओपोरा. जिवंत असते, पण फांद्या नसतात, आणि फांद्यांत राहणारे लहान मासेही नसतात.

गढूळ पाणी म्हणजे मरण, असा सरसकट निष्कर्ष काढू नका. टाउन्सव्हिलजवळच मिडल रीफ आणि पलूमा शोल्स या भित्ती शतकानुशतकं गढूळ पाण्यात वाढल्या आहेत, आणि तिथे बसणारा गाळ सांगाड्यांच्या फटीत भरून भित्ती उंच व्हायला मदतही करतो. तिथे टिकले ते प्रवाळ त्या पाण्याला सरावलेले आहेत. उष्णतेच्या लाटेत गढूळ पाणी कडक ऊन अडवतं, त्यामुळे असे प्रवाळ कधी कधी नितळ पाण्यातल्यांपेक्षा कमी पांढरे पडतात. उलट टोकाला गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखासमोर उथळ प्रवाळभित्ती मुळीच नाहीत. तेवढं गोडं पाणी आणि तेवढा गाळ कोणत्याच प्रवाळाला पेलत नाही. प्रश्न असतो तो मधल्या किनाऱ्यांचा, जिथे प्रवाळ नितळ पाण्यात वाढले आणि एक-दोन पिढ्यांत पाणी बदललं.

तुमच्या जवळच्या भित्तीवर पूर येऊन गेला असेल तर पहिल्या आठवड्यात निदान दोन खोलींवर क्षारता मोजा आणि शक्य असेल तर मोजणारी उपकरणं तिथेच ठेवून या. दोन आठवड्यांत मृत्यूची रेषा किती खोल आहे ते नोंदवा आणि काही वसाहतींवर खुणा करा. मग तीन महिन्यांनी आणि वर्षाने त्याच वसाहती पाहा. उपग्रहाच्या चित्रावरून लोंढा कुठवर गेला ते कळतं. पाण्याखाली किती दिवस काय होतं, ते कळत नाही. या काळात शेवाळ खाणारे पोपटमासे आणि इतर मासे पकडणं थांबवता आलं तर भित्तीला मोठा आधार मिळतो, कारण शेवाळाला आवरणारं दुसरं कुणी फारसं उरलेलं नसतं. 

खरं काम जमिनीवर आहे. बर्डेकिनसारख्या नद्यांतला बहुतांश बारीक गाळ शेतांच्या पृष्ठभागावरून येत नाही, तो पडलेल्या घळी आणि ढासळते काठ यांतून येतो. त्यातही पाणलोटाचा तुलनेने लहान भाग बहुतेक गाळ पुरवतो. म्हणजे पैसा आणि श्रम सगळीकडे सारखे पसरण्यापेक्षा त्या घळी शोधून बुजवणं, तिथून गुरं दूर ठेवणं आणि काठांवर झाडी वाढू देणं जास्त उपयोगाचं. खत पावसाच्या तोंडावर टाकू नये, हे शेतकऱ्यालाही परवडतं. वाहून गेलेलं नत्र त्याच्याही पिकाला मिळत नाही. कांदळवनं आणि पाणथळ जागा थोडा गाळ अडवतात, पण महापुरात पाणी त्यांच्यावरून निघून जातं, म्हणून सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. ऑस्ट्रेलियाने २०२५ पर्यंत रीफकडे जाणाऱ्या नद्यांतलं माणसामुळे वाढलेलं विरघळलेलं नत्र ६० टक्क्यांनी आणि बारीक गाळ २५ टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. अशी उद्दिष्टं गाठायला दशकं लागतात, कारण एकदा पडलेली घळ दर पावसाळ्यात आणखी खोल होत जाते.

प्रवाळ पुन्हा लावावेत का, हा प्रश्न यानंतर हमखास येतो. पुरानंतरच्या पहिल्या वर्षात लावू नका. तळातला गाळ अजून उठत असतो, शेवाळ जोरात असतं, आणि लावलेले तुकडे बहुधा त्याच कारणाने मरतात ज्याने आधीचे मेले. आधी वर्षभर पाण्याचा गढूळपणा मोजा आणि खडकांवर नवी पिल्लं आपोआप येतात का, ते बघा. येत असतील तर लावणीची गरजच नाही. येत नसतील आणि पाणी निवळलेलं असेल, तर शेजारच्या, पुरातून वाचलेल्या वसाहतींचेच तुकडे घ्या. दूरच्या नितळ भित्तीवरून आणलेले प्रवाळ पुढच्या पुरात सर्वांत आधी जातात.